पालक गटावरचे ध्वनिसंदेश : ऊसतोडीच्या एका हंगामानंतरचा अनुभव

आमची जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी प्राथमिक शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगररांगेतील एका गावात आहे. दसरा-दिवाळी झाली की गावातील बहुतेक घरांतले कर्ते स्त्री-पुरुष मुकादमाच्या टोळीबरोबर सांगली, कोल्हापूर, सातारा किंवा कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरात तोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुले मागे आजी-आजोबांजवळ राहतात आणि हंगामी वसतिगृहाच्या आधाराने शाळा करतात. मुलाचे शिक्षण गावात आणि त्याचे आईवडील शेकडो किलोमीटर दूर उसाच्या फडात, अशा स्थितीत पालकांना शाळेची माहिती कशी द्यावी, हा आमच्यापुढचा सर्वांत अवघड प्रश्न असतो. यंदा हंगामापूर्वी आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवरील पालक गटाची रीत बदलली आणि लेखी सूचनांच्या जागी शिक्षकांच्या आवाजातील छोटे संदेश सुरू केले. संपूर्ण हंगाम ही पद्धत वापरल्यानंतर जे दिसले, ते अशाच भागांत काम करणाऱ्या शिक्षकांसाठी आणि शाळा व्यवस्थापन समित्यांसाठी येथे मांडत आहे.

सुरुवातीलाच दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, गटात फक्त अ‍ॅडमिनलाच संदेश पाठवता येईल, अशी व्यवस्था केली. सणांच्या शुभेच्छा आणि फॉरवर्ड केलेल्या चित्रफिती यांच्या गर्दीत शाळेची सूचना हरवत असे आणि कंटाळून अनेक पालकांनी गटाचा आवाजच बंद केलेला होता. ती गर्दी थांबली, तेव्हा लोक पुन्हा गट उघडू लागले. दुसरी, वरिष्ठ कार्यालयाकडून आलेले परिपत्रक जसेच्या तसे गटावर टाकायचे नाही. त्यातील पालकांच्या कामाचे तेवढे निवडून, आपल्या बोलीत, मिनिटभरात सांगायचे. ‘उद्या डॉक्टरांचं पथक शाळेत येणार आहे. ज्यांच्या लेकराला खोकला आहे किंवा डोळ्याचा त्रास आहे, त्यांनी आजीला सकाळी फोन करून सांगून ठेवावं,’ एवढा मजकूर पुरतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पूर्ण नाव आणि पत्राचा जावक क्रमांक पालकाला ऐकवण्याची गरज नसते.

आवाजाचा पर्याय निवडण्याचे कारण केवळ निरक्षरता हे नाही. आमच्या अनेक तरुण पालकांना वाचता येते. मात्र पहाटे अंधारात फडावर जाणारा, दिवसभर वाकून ऊस तोडणारा आणि रात्री-अपरात्री गाडी भरणारा माणूस लहान अक्षरांतले दहा ओळींचे निवेदन वाचत बसत नाही. तोच माणूस मोळ्या बांधताना किंवा चुलीपाशी बसून गुरुजींचा आवाज ऐकतो. शिवाय आवाज ओळखीचा असतो. बाई नेहमीच्या शब्दांत बोलल्या, तर शाळा ठीक चालली आहे हे पालकांना वेगळे सांगावे लागत नाही. आठवड्यातून एकदा आम्ही मुलांचेही आवाज पाठवत होतो: कुणाची कविता, कुणाचा पाढा, पहिलीच्या वर्गाने मिळून वाचलेला धडा. या संदेशांना जितकी उत्तरे शिक्षकांच्या वैयक्तिक क्रमांकावर आली, तितकी वर्षभराच्या कोणत्याही सूचनेला आली नव्हती. मुलगा अडखळत का होईना पण वाचतो आहे, हे स्वतःच्या कानांनी ऐकलेला बाप मार्चमध्ये त्याला मध्येच बोलावून घेण्याचा विचार सहसा करत नाही, हे मी खात्रीने सांगू शकतो.

तांत्रिक बाजूने सर्वांत उपयोगी ठरली ती ‘संदेशाची माहिती’ ही सोय. गटातील ध्वनिसंदेश कुणापर्यंत पोहोचला आणि कुणी तो प्रत्यक्ष ऐकला, याची यादी पाठवणाऱ्याला दिसते. निळ्या खुणा बंद ठेवलेल्या पालकांनी ऐकल्याचेही त्यात कळते. एखाद्या घराचे नाव आठवडाभर यादीत आले नाही, तर आम्ही त्याच टोळीतील दुसऱ्या पालकाला किंवा मुकादमाला फोन करीत होतो. बहुतेक वेळा कारण रिचार्ज संपणे हेच असे. न पोहोचलेला संदेश 30 दिवसांपर्यंत राखून ठेवला जातो, म्हणून उशिरा रिचार्ज झाला तरी मागचे संदेश मिळतात. परंतु तोवर आरोग्य तपासणीचा किंवा परीक्षेचा दिवस उलटून गेलेला असतो. ब्रॉडकास्ट यादीचा, म्हणजे एकच संदेश अनेकांना स्वतंत्रपणे पाठवण्याचा मार्ग मात्र मी कुणाला सुचवणार नाही. ज्यांनी शाळेचा क्रमांक आपल्या फोनमध्ये साठवला आहे, त्यांनाच तो संदेश मिळतो आणि फोन किंवा सिम बदलल्यावर ही साठवण हमखास निघून जाते.

एक उणीव मला फार जाचते. एका कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे, फोन एकच असतो आणि तो बहुधा पुरुषाच्या खिशात असतो. यादीत ‘ऐकले’ असे दिसते, पण आईने ऐकलेले नसते. त्यावर उपाय सापडला तो 2022 पासून राज्यात सुरू असलेल्या ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानातील माता गटांमुळे. एकाच वस्तीतील बायका पुष्कळदा एकाच टोळीत असतात. त्यांच्यातील लीडर मातेने संध्याकाळी कोप्यांवर, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यांपाशी, सगळ्याजणींना जमवून संदेश मोठ्या आवाजात लावायचा, असे ठरवून दिले. जिथे अशी एक उत्साही आई होती, तिथे मुलांची चौकशी करणारे फोन आईंकडूनच येऊ लागले. जिथे ती नव्हती, तिथे आम्ही कमी पडलो आणि त्याला अ‍ॅपमध्ये काही उपाय नाही.

काही विषय गटावर अजिबात आणू नयेत. मुलाची गैरहजेरी, गुण, आजारपण, घरातील अडचण हे त्या एकाच पालकाशी फोनवर बोलावे. मुलांची छायाचित्रे आम्ही पालकांची लेखी संमती हंगामापूर्वी घेऊनच पाठवली. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीला महत्त्व दिले आहे आणि शाळेने ती सवय आताच लावून घेतलेली बरी. साध्या गटात प्रत्येकाचा क्रमांक सर्वांना दिसतो, याची अनेक आईंना योग्य भीती वाटते. व्हॉट्सअ‍ॅपवर अनेक गट एकत्र जोडणाऱ्या ‘कम्युनिटी’मधील घोषणा गटात सदस्यांचे क्रमांक इतरांना दिसत नाहीत, त्यामुळे नवीन सुरुवात करणाऱ्यांनी तोच प्रकार निवडावा.

गावात राहिलेल्या आजी-आजोबांना मात्र या सगळ्याचा थेट उपयोग नाही. त्यांच्यासाठी फळ्यावरची सूचना, मुलाच्या दप्तरातली चिठ्ठी आणि मंदिराचा ध्वनिक्षेपक हेच खरे मार्ग आहेत आणि ते आम्ही बंद केले नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीचीही तीच अडचण. शिक्षण हक्क कायद्यानुसार समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. पण हंगामात तेच पालक फडात असतात. सभेचे विषय आधी आवाजात पाठवल्याने त्यांची मते अध्यक्षांपर्यंत पोहोचली, शौचालयाच्या दुरुस्तीचा मुद्दा तर एका आईच्या कर्नाटकातून आलेल्या संदेशामुळेच विषयपत्रिकेत आला. तरीही इतिवृत्तावरची त्यांची सही राहिलीच.

पुढील हंगामासाठी आम्ही दोन बदल ठरवले आहेत. दसऱ्यापूर्वीच्या पालक सभेत प्रत्येक कुटुंबाकडून दोन क्रमांक घ्यायचे, त्यातील एक टोळीतील दुसऱ्या घराचा. आणि जी मुले आईवडिलांबरोबर जातातच, त्यांच्या हाती शिक्षण हमी पत्रक (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणूनचे पत्रक) देताना, मूल तिथल्या ज्या शाळेत बसेल त्या शाळेच्या शिक्षकांचा क्रमांक कळवण्याची विनंती त्याच दिवशी, पालकांना समोर बसवून, करायची.