थायलंड की व्हिएतनाम? कोल्हापुरातून पहिल्यांदा परदेशात निघालेल्यांसाठी

दिवाळीची सुट्टी जवळ आली किंवा मे महिना तोंडावर आला की आमच्याकडं रंकाळ्यावर भेळ खाताना सुद्धा हाच विषय, थायलंड करूया का व्हिएतनाम. फोटो बघून ठरत नाही कारण फोटो दोन्हीकडचे भारीच येतात. बजेटनं पण फार फरक पडत नाही, हॉटेल आणि खाणं व्हिएतनामला जरा स्वस्त पडतंय पण तिथली गावं एकमेकांपासून लांब, मग आतल्या फ्लाइटमध्ये ते वाचलेले पैसे जातात. माझं मत सरळ आहे, आधी सुट्टी कधी आहे ते बघा आणि मग बरोबर कोण कोण आहे ते बघा. दिवाळीत जाणार असाल तर थायलंड, मे मध्ये जाणार असाल तर व्हिएतनाम. हे उलटं केलं की पैसे पाण्यात, आणि पाण्यात म्हणजे खरोखरच पाण्यात.

का ते सांगतो. व्हिएतनाम हा उभा लांबडा देश, वर हनोई, खाली हो ची मिन्ह सिटी, आणि मधे दा नांग, होई आन, हुए. आपल्याकडं जी पॅकेजं विकतात त्यात दा नांग बहुतेक वेळा असतंयच, कारण तिथं बा ना हिल्सवर तो दोन मोठ्ठ्या हातांनी उचलून धरलेला सोनेरी पूल आहे, २०१८ ला उघडला आणि तेव्हापासून कुणा ना कुणाच्या स्टेटसला असतोच. आता गोची अशी की या मधल्या पट्ट्यातला पाऊस आपल्यासारखा जून-जुलैत पडत नाही, तो सप्टेंबर संपता संपता सुरू होतो आणि डिसेंबरपर्यंत चालतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात तर धो धो. होई आनच्या जुन्या गावात नदीचं पाणी शिरतं, ज्या गल्ल्यांत कंदिलाखाली फोटो काढायचा त्या गल्ल्यांतनं होड्या फिरतात. आपण पंचगंगेचा पूर फुकटात बघितलेली माणसं, परत पैसे भरून पूर बघायला कशाला जायचं. पण पॅकेज विकणारा हे सांगत नाही, त्याला दिवाळीचं बुकिंग भरायचं असतंय. दिवाळीत व्हिएतनामच करायचं डोक्यात असेल तर दा नांग गाळा आणि नुसतं हनोई, हा लाँग बे, निन्ह बिन्ह असं वरचं वर करा, तिकडं त्या दिवसांत हवा एकदम छान असते, सकाळी पातळ स्वेटर घालावा अशी. मे मध्ये मात्र दा नांगला ऊन कडक असलं तरी आभाळ निळं आणि समुद्र शांत, पोरांना पाण्यातनं बाहेर काढायचंच मुश्कील होतंय.

थायलंडचं बरोबर उलटं. फुकेत, क्राबी ही पश्चिमेची बाजू, तिथला पाऊस मे मध्ये सुरू होऊन ऑक्टोबरपर्यंत, समुद्र खवळलेला, बीचवर लाल झेंडे, फी फी बेटावर जाणाऱ्या बोटी कधी निघतात कधी नाही. नोव्हेंबर लागला की चित्र बदलतं. म्हणून दिवाळी नोव्हेंबरात आली तर फुकेत डोळे झाकून करा, ऑक्टोबरात आली तर बँकॉक आणि आसपास जास्त दिवस ठेवा. मे मध्येच थायलंडला जायचं असेल तर फुकेतऐवजी पलीकडच्या बाजूचं को सामुई बघा, तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. आणि एप्रिलच्या मध्याला, १३ ते १५, तिथं सोंगक्रान म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, रस्त्यारस्त्यावर पाण्याच्या पिचकाऱ्या, आपली रंगपंचमी त्यापुढं साधी वाटावी. तरण्या पोरांना लई मजा, आजीला घेऊन मात्र नको.

आजीचा विषय निघालाच आहे तर बरोबर कोण आहे ते बोलू. घरात गुडघेदुखीवाले, मंगळवार-शुक्रवार पाळणारे, कांदा-लसूण न खाणारे कुणी असतील तर पहिली ट्रिप थायलंडच. बँकॉक, पट्टाया, फुकेत, तिन्ही ठिकाणी भारतीय हॉटेलं चिक्कार, बँकॉकच्या पाहुरत भागात तर गुरुद्वारा आहे आणि भोवती आपलं खाणं-कपडे सगळं मिळतंय. थाई दुकानांत पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात 'जे' अशी खूण दिसली की तिथं मांस-मच्छी-अंडं काही नसतं, कांदा-लसूण पण नसतो. बाकी ठिकाणी नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही, भाजीत माशाचा सॉस पडतोच, आणि त्यात काही गैर आहे असं तिथल्या माणसाला वाटत नाही. व्हिएतनामला पण हाच प्रकार, तिथं शाकाहारी हॉटेलच्या पाटीवर 'चाय' लिहिलेलं असतंय, बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार करतात त्यामुळं अशी हॉटेलं शहरात सापडतात, पण शोधावी लागतात, आणि दुपारी दोन वाजता भुकेजलेली माणसं बरोबर असताना शोधाशोध नको वाटते. आपण सगळं खाणारे असू तर प्रश्नच मिटला, उलट व्हिएतनामचं खाणं मला जास्त आवडलं, हलकं, भरपूर पालेभाज्या, सकाळी सकाळी गरम फो, म्हणजे त्यांचं शेवयांचं सूप. पण एक आहे, ते तिखट नाही. कोल्हापुरी जिभेला थाई जवळचं, तिथलं नारळाच्या दुधाचं टॉम खा सूप पिताना पांढऱ्या रश्श्याची आठवण येतेच, फक्त मटणाच्या जागी गवती चहा आणि गलंगल या आल्यासारख्या मुळीचा वास.

बघायला काय आहे, तर बँकॉकचा ग्रँड पॅलेस. तिकीट ५०० बाट, हाफ पँट आणि बिनबाह्यांचे कपडे चालत नाहीत, तेव्हा त्या दिवशी घरातनंच नीट कपडे घालून निघा. आतल्या भिंतींवर पूर्ण रामायण रंगवलंय, ते लोक त्याला रामाकियन म्हणतात, तिथं बायकांची गर्दी बघत बसते आणि गाइड पुढं पळतो. गेटबाहेर कोणी गोड बोलून 'आज बंद आहे, चला दुसरं दाखवतो' म्हणाला आणि टुकटुक अगदी वीस बाटला न्यायला तयार झाला, तर समजायचं की हा रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात नेणार. सरळ गेटपर्यंत चालत जाऊन बघायचं. 'वाट फो' हे देऊळ तिथनं जवळच, ४६ मीटर लांब झोपलेला बुद्ध. पट्टायाबद्दल माझं मत चांगलं नाही, कुटुंबाबरोबर एक रात्र पुरे, ती पण कोरल आयलंडसाठी, तो वाचलेला दिवस अयुथ्थया या जुन्या राजधानीला द्या. आणि तिथं राजाबद्दल, राजघराण्याबद्दल चेष्टेत पण वेडंवाकडं बोलायचं नाही, सोशल मीडियावर तर नाहीच, त्याला ३ ते १५ वर्षं कैद आहे.

व्हिएतनामला मला सगळ्यात जास्त काय भावलं असेल तर 'मी सन' नावाची जागा. होई आनपासून साधारण ४० किलोमीटर, डोंगराच्या कुशीत विटांची शंकराची देवळं, तिथल्या जुन्या चंपा राज्याच्या राजांनी बांधलेली, चौथ्या शतकापासूनची जागा. १९६९ च्या अमेरिकन बॉम्बहल्ल्यात बरीचशी उडाली, अजून पण मधे मधे बॉम्बचे खड्डे दिसतात, गवत उगवलेले. आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसं तिथं डागडुजी करतायत आणि २०२० मध्ये त्यांना अखंड दगडाचं, नवव्या शतकातलं शिवलिंग सापडलं. अंबाबाईच्या देवळात वाढलेल्या माणसाला ते बघून काय वाटतं ते तिथं उभं राहिल्याशिवाय कळणार नाही. पॅकेजवाले हे वगळून दुसरा अख्खा दिवस बा ना हिल्सला घालतात, तेवढं बदलून मागा. खाली हो ची मिन्ह सिटीजवळ कू ची बोगदे, अमेरिकेशी लढताना व्हिएतनामी लढवय्यांनी वापरलेले, दोनशे किलोमीटरच्या वर जाळं होतं म्हणे, वाकून रांगत जावं लागतंय, बीपीवाल्यांनी वरच थांबा. ते बघून गनिमी कावा आठवतोच, पण महाराजांचं नाव घेऊन व्हिएतनाम जिंकलं, तिथं पुतळा आहे वगैरे जे व्हॉट्सॲपवर फिरतंय त्याचा पुरावा कुणी दाखवलेला नाही, गाइडला विचारून त्याची पंचाईत करू नका.

कागदपत्रांचं थायलंडला सोपं. २०२३ च्या नोव्हेंबरपासून भारतीयांना व्हिसाशिवाय घ्यायला लागले, पण हा नियम आणि किती दिवस राहू देतात ते बदलत असतंय, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी त्यांच्या सरकारी साइटवर बघाच. शिवाय १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतंय, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत, ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. व्हिएतनामला ई-व्हिसा, एका एंट्रीला २५ डॉलर, ९० दिवसांपर्यंत मिळतो, नाकारला तरी पैसे परत नाहीत. आपल्या पासपोर्टवर नावापुढं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतंय, ते गाळून फॉर्म भरणारे खूप, पासपोर्टवर आहे तसं अक्षर न् अक्षर भरा. कुठल्या विमानतळावर उतरणार ते पण त्यात लिहावं लागतंय. दोन्हीकडं पासपोर्ट सहा महिने तरी शिल्लक पाहिजे.

पैशाचं बघा. बाट साधारण पावणेतीन-तीन रुपयांच्या आसपास, हिशोब सोपा. डोंगचा हिशोब म्हणजे डोक्याला ताप, एक लाख डोंग म्हणजे सव्वातीनशे-साडेतीनशे रुपये, आणि वीस हजाराची नोट आणि पाच लाखाची नोट दोन्ही निळ्या. संध्याकाळच्या अंधारात, मागं स्कूटरवाले हॉर्न मारतायत आणि फुटपाथवरच्या बाईला शहाळ्याचे पैसे द्यायचेत, अशा वेळी हमखास गडबड होते. पाच लाखाच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवायच्या, विषय संपला. थायलंडला एटीएममधनं काढलं की दर वेळी दोनशेच्या वर बाट चार्ज लागतो, मग एकदाच जास्त काढलेले बरे. यूपीआयच्या भरवशावर कुठंच जाऊ नका. टूर कंपनीकडनं पॅकेज घेतलं तर बिलात टीसीएस म्हणजे आगाऊ घेतलेला टॅक्स लागतो, तो बुडत नाही, रिटर्न भरताना वळता होतो, फक्त घरात जो रिटर्न भरतो त्याचा पॅन द्या.

पोरं-पोरं जाणार असतील तर बाईक भाड्यानं घ्यायचा मोह होणारच. आरटीओतनं मिळतं ते इंटरनॅशनल परमिट थायलंडला चालतं, व्हिएतनामला नाही, कारण आपलं परमिट १९४९ च्या करारातलं आणि ते मानतात १९६८ चं. दुकानदार गाडी देतो, तो काही विचारत नाही, पण पडलात तर इन्शुरन्सवाला हात वर करणार. तिथं ग्रॅब ॲपवरची टॅक्सी स्वस्त आहे, ती वापरा. रस्ता ओलांडताना मात्र थांबायचं नाही, पळायचं पण नाही, एका चालीनं चालत राहायचं, स्कूटरी बाजूनं वाट काढतात.

राहिलं निघायचं. पुण्यातनं बँकॉकला डायरेक्ट फ्लाइट सुरू झाल्यात, बुकिंगच्या वेळी चालू आहेत का बघा, असल्या तर थायलंडच्या बाजूनं हे अजून एक मत, कारण पुणं आपल्याला मुंबईपेक्षा दीडशे किलोमीटर अलीकडं. व्हिएतनामला मुंबईच धरून चला. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी दादरला उतरून रात्रीच्या फ्लाइटपर्यंत बॅगा सांभाळत बसण्यापेक्षा दुपारी कोल्हापुरातनं गाडी करून निघालेलं परवडतं, पण हायवेचं काम बघता हातात तीन-चार तास जास्त ठेवा. आणि आता नवी मुंबईचा विमानतळ पण चालू झालाय, तिकिटावर नक्की कुठला आहे ते ड्रायव्हरला आधीच दाखवा. कांदा-लसूण चटणी नेणार असाल तर खालच्या बॅगेत, घट्ट बांधून. खोबऱ्याच्या वाट्या मात्र नाहीच, सुकं खोबरं विमानात नेऊ देत नाहीत, पेट घेतंय म्हणून, कितीही हुज्जत घातली तरी काउंटरवर काढूनच ठेवतात.