दारू सोडायची ठरलं, पण मीटिंग कुठली? जिल्ह्याच्या गावाला, केंद्रात की मोबाइलवर?

सकाळी उठल्यावर हात थरथरतात, घोटभर घेतल्याशिवाय चहाची बशी धरवत नाही, अशी गत असेल तर दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगच्या आधी डॉक्टर गाठा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढच्या दोन-तीन दिवसांत माणूस भ्रमात जाऊ शकतो, नसलेली माणसं दिसू शकतात, आणि उपचार नसले तर यात जीवही जातो. संभाजीनगरचं घाटी रुग्णालय आणि अंबाजोगाई, लातूर, नांदेडची सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं इथे मानसोपचार विभाग आहेत. तिथे केसपेपर काढा. शरीर सावरलं की मग खरी निवड सुरू होते.

एए, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, १९३५ साली अमेरिकेत दोन मद्यपींनी एकमेकांना सावरता सावरता सुरू केलं, १९५७ मध्ये भारतात आलं. फी नाही, आडनाव कोणी विचारत नाही. सभासद होण्याची अट एकच, दारू सोडायची इच्छा. तास-दीड तास लोक गोल करून बसतात. एकेक जण नाव सांगतो, मी अल्कोहोलिक म्हणतो आणि आपलं सांगतो. मध्ये कोणी तोडत नाही, उपदेश करत नाही. सोयाबीनची पट्टी घेऊन मोंढ्यातून निघालेला माणूस घरी पोचेपर्यंत खिसा कसा रिकामा करतो, हे तिथे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पहिल्या दिवशी तुम्ही काही बोलला नाहीत तरी चालतं. खुल्या मीटिंगला घरच्यांनाही बसता येतं, बंद मीटिंग फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी असते. फोन करून आधी हे विचारून घ्या.

अडचण अंतराची. मीटिंगा बहुतेक संध्याकाळी आणि मोठ्या गावात. मीटिंग संपेपर्यंत मुक्कामी गाडी निघून गेलेली असते. म्हणून निघण्यापूर्वी परतीचं बघा, किंवा त्याच रस्त्याने जाणारा सभासद आहे का ते ग्रुपमध्येच विचारा. आपल्याच गावात ग्रुप असेल तर ‘कोणी पाहिलं तर’ ही भीती येते. माझं स्पष्ट मत असं, की तुम्ही पिता हे गावाला केव्हाच ठाऊक आहे, ठाऊक नाही ते तुम्ही सोडताय एवढंच. तरीही पाय उचलत नसेल तर औशाच्या माणसाने सरळ लातूरला जावं. लाज राखून गेलेलं, न जाण्यापेक्षा शंभर पटीने बरं.

व्यसनमुक्ती केंद्राचा मार्ग वेगळा. महिनाभर किंवा जास्त आत राहायचं, मग ठरलेल्या तारखांना फॉलोअपला जायचं. ज्याला घरी चार दिवसही दारूपासून लांब राहता येत नाही, त्याला हेच आधी लागतं. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये पुण्यात उभं केलेलं मुक्तांगण मराठवाड्यातल्या अनेकांना ऐकून माहीत असतं. पण पुणं लांब, आणि फॉलोअप गळाला की घसरण सुरू होते. जवळचं केंद्र निवडताना नोंदणीचा कागद मागा, रुग्णाला भेटू देतात का ते बघा. साखळीने बांधून ठेवायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे. तसं दिसलं तर तिथून माणूस बाहेर काढा. आणि केंद्रातून घरी आल्यावर एएला जायचंच. एक केलं म्हणून दुसरं सुटत नाही.

मोबाइलवरच्या मीटिंगला बस लागत नाही, डेटा पुरतो. ऊसतोडीला सहा महिने बाहेर असणाऱ्यासाठी, रात्रपाळीवाल्यासाठी, बाहेर पडणं अवघड असलेल्या बाईसाठी हा मोठा आधार आहे. बायकाही पितात, त्यांना एएचं दार तेवढंच उघडं आहे. उणीव अशी, की तोंडाला वास येतोय हे स्क्रीनवर कोणाला कळत नाही, आणि कॅमेरा बंद करून माणूस गायब होऊ शकतो. कारखान्याच्या गावात ग्रुप असेल तर तिथे जाऊन बसा, कुठल्याही गावचा एएवाला कुठल्याही मीटिंगला बसू शकतो.

माळ घालून सुटलेली माणसं आपल्याकडे गावोगाव आहेत, त्या बळाबद्दल मला आदर आहे. पण माळ तुटली की माणूस तोंड लपवतो. एएमध्ये घसरलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसतो, त्याला कोणी हाकलत नाही. माळकऱ्यानेही मीटिंगला जावं, त्यात आडवं काही येत नाही. स्टँडवरच्या भिंतींवर ‘न सांगता दारू सोडवा’ म्हणून जाहिरात असते, तिच्या वाटेला मात्र जाऊ नका. डायसल्फिरामसारखी गोळी माणसाला न सांगता दिली आणि तो प्यायला, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेततं.

मला विचाराल तर: आठवड्यातून एकदा तरी समोरासमोरची मीटिंग, बाकीच्या संध्याकाळी फोन. पोळा, लग्नसराई, निवडणूक असे दिवस आले की आधीच एखाद्या जुन्या सभासदाचा नंबर हाताशी ठेवा. ग्रुप सापडत नसेल तर १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर पैसे न लागता विचारता येतं, मन फारच खचलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे.

पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-अनॉन नावाच्या मीटिंगा वेगळ्या आहेत. तो अजून पितोय, मीटिंगला नाही म्हणतोय, तरी बायकोने, आईने तिथे जायला हरकत नाही. त्याच्या होकारासाठी अडून बसायची गरज नाही.