धनत्रयोदशी आणि लक्ष्मीपूजन: दोन दिवस, दोन मागणी

आश्विन वद्य त्रयोदशीला कोल्हापूरची गुजरी, म्हणजे सराफ बाजार, माणसांनी फुलते. गुंजभर का होईना, सोनं घ्यायचंच! पण या दिवसाचा देव धन्वंतरी, समुद्रमंथनातून अमृतकलश घेऊन आलेला वैद्य. नैवेद्य धणे-गुळाचा, गूळ अर्थातच आपला कोल्हापुरी. संध्याकाळी यमासाठी दक्षिणेकडे वात करून कणकेचा दिवा लावायचा, अपमृत्यू टळावा म्हणून. म्हणजे मागणं आयुष्याचं आहे, सोनं मागाहून.

अमावास्येचं लक्ष्मीपूजन मला जास्त भावतं. प्रदोषकाळी चौरंगावर लक्ष्मी-कुबेर, लाह्या-बत्तासे, लक्ष्मीपुरीतल्या व्यापारी पेढ्यांवर वहीपूजन. आणि चौरंगाशेजारी नवी केरसुणी, तिला हळद-कुंकू! वर्षभर कोपऱ्यात उभी असणारी ती त्या दिवशी लक्ष्मी होते. घर झाडणाऱ्या हातांचा याहून मोठा मान मी दुसऱ्या कुठल्या सणात पाहिलेला नाही. इथे मागणं मिळवण्याचं नाही, आलेलं टिकण्याचं आहे. अस्वच्छ, भांडणाऱ्या घरात लक्ष्मी थांबत नाही, असं आजी सांगायची.

खिशाला एकाच दिवसाचा खर्च झेपत असेल, तर सोनं राहू द्या. त्रयोदशीला यमदीप लावा, अमावास्येला केरसुणी आणा, आणि जमलं तर अंबाबाईला जाऊन या.