मानेवाड्याची जिम: छातीसाठी रॉड की डंबेल?

जिमचं नाव लिहीत नाही, कारण मालकाचे सफारी मीच शिवतो आणि दिवाळीच्या तोंडावर गिऱ्हाईक तोडायचं नाही. नागपुरात मानेवाडा-बेसा रोडवर, एका हार्डवेअरच्या दुकानावर पहिल्या मजल्याला आहे. फी महिन्याला ९००, तीन महिन्यांची एकदम भरली तर २४००. पीटी, म्हणजे ट्रेनरनं एकट्याला शिकवायचं, त्याचे पैसे वेगळे.

मी टेलर. दिवसभर लोकांच्या छातीला टेप लावतो. टेप दिसला की माणूस आपोआप छाती फुगवतो, मग त्याला 'श्वास सोडा' म्हणावं लागतं, नाहीतर शर्ट ढगळ होतो. स्वतःची छाती मात्र श्वास भरूनही ३६ च्या पुढे जाईना, म्हणून पंचेचाळिशीत जिम लावली. तेव्हा हा रिव्ह्यू फक्त छातीपुरता. ट्रेडमिल, सायकल चांगल्या असतील, मला त्यांचं घेणंदेणं नाही.

इथली पोरं रॉडवाली, म्हणजे बेंचवर उताणं पडून दोन्ही टोकांना प्लेटा लावलेला लांब रॉड छातीवरून वर ढकलणारी, त्यालाच बेंच प्रेस म्हणतात. सोमवारी संध्याकाळी फ्लॅट बेंचसमोर रांग लागते आणि मी डंबेल उचलले की कुणीतरी हमखास विचारतो, "काहून काका, रॉड जड जाऊन राहिला का?" जड जातोच. पण डंबेल त्याहून अवघड आहेत हे त्या पोराला सांगून उपयोग नसतो. माझा भाचा फिजिओथेरपी शिकतो. त्यानं नॉर्वेच्या संशोधकांचा २०११ चा एक अभ्यास मला समजावून सांगितला. रॉडवर जितकं वजन निघतं त्यापेक्षा दोन डंबेल मिळून साधारण १७ टक्के कमी निघतं, पण छातीचा स्नायू दोन्हीकडे सारखाच राबतो. फरक पडतो तो दंडाच्या मागच्या बाजूला, ट्रायसेप्सला. डंबेलमध्ये त्याला काम कमी. म्हणजे आकडा लहान दिसला तरी छातीचं नुकसान काही नाही.

मग निवड कशावर करायची? माझं मत असं की ती जिममधल्या सामानावर करायची. फी भरायच्या आधी रॅक नीट बघून घ्या.

इथला रॉड बघा. फ्लॅट बेंचचा स्टँड साधा, दोन खांब आणि रॉड ठेवायला दोन हुक. रॉड अंगावर अडकला तर त्याला अडवायला खाली आडवे दांडे नाहीत. संध्याकाळी ठीक आहे, मागे कुणीतरी उभं असतं. मी जातो दुपारी दोन ते चारमध्ये, दुकानात गिऱ्हाईक नसतं तेव्हा. त्या वेळी जिममध्ये मी, कूलर आणि मोबाइलमध्ये डोकं घातलेला ट्रेनर. अशा वेळी शेवटचा रेप, म्हणजे वजन एकदा खाली-वर करणं, जीव तोडून मारायची हिंमत होत नाही, आणि छाती वाढते ती त्याच शेवटच्या दोन-तीन रेप्सवर. एकटे असाल तर निदान प्लेटांना लॉक लावू नका, अडकलात तर रॉड एका बाजूला कलवून प्लेटा पाडता येतात. आवाज मोठा होतो आणि दुसरी बाजू झटक्यानं खाली येते, पण मान वाचते. अंगठा रॉडच्या बाहेर ठेवून धरायची एक फॅशन आहे, ती करूच नका. मे महिन्यात नागपुरात वरच्या मजल्यावर तळहात कसे असतात ते सांगायला नको.

आणखी एक. ट्रेनर म्हणतो रॉड २० किलोचा. मोठ्या भोकाच्या प्लेटांचा, सात फुटी, टोकाला जाड असा ऑलिम्पिक रॉड २० चा असतो हे खरं. पण इथला बारीक टोकाचा, साधा. मी वजनकाट्यावर आधी नुसता उभा राहिलो, मग रॉड घेऊन. फरक आला नऊ किलोच्या थोडा वर. त्या रॉडवर 'साठ मारतो' म्हणणारी पोरं पन्नासच्या आत आहेत, हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही. कशाला कुणाचा मूड घालवा!

रॉडच्या बाजूनं बोलायचं तर एक गोष्ट मोठी आहे. इथे सव्वा किलोच्या प्लेटांची जोडी आहे. पाण्याच्या कॅनमागे पडलेली असते, शोधावी लागते. तिच्यामुळे ४० वरून थेट ४२.५ वर जाता येतं, हळूहळू चढता येतं. छाती वाढवायची तर वजन किंवा रेप्स वाढत राहायला पाहिजेत, आणि ही सोय डंबेलमध्ये मार खाते. इथले डंबेल १५ पर्यंत अडीच-अडीच किलोनं जातात, मग एकदम २०. साडेसतराच्या जोडीतला एकच आहे, दुसरा कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नाही. १५ वरून २० म्हणजे प्रत्येक हातावर एक-तृतीयांश वजन जास्त. पुष्कळ जण इथेच कंटाळून रॉडकडे वळतात. त्यावर माझा उपाय असा: १५ चे रेप्स वाढवत न्यायचे. सलग वीस रेप्स नीट निघायला लागले की २० किलोचे सात-आठ निघतात. रेप्स जास्त झाले म्हणून छाती वाढत नाही असं नाही, सेट दमेपर्यंत गेला पाहिजे एवढंच.

तरीही मी डंबेलवरच का? कात्री आणि इस्त्री चालवून माझा उजवा खांदा कुरकुरतो. रॉडवर दोन्ही मनगटं एकाच रेषेत जखडलेली, डंबेलमध्ये तळवे थोडे आतल्या बाजूला वळवता येतात आणि कोपरं अंगापासून फार न फाकवता खाली नेता येतात. खांदा गप्प बसतो. दुसरं, रॉड छातीला टेकला की संपलं, डंबेल त्याच्याही थोडे खाली जातात आणि छाती ताणली जाते. तो ताण कामाचा. वर गेल्यावर दोन्ही डंबेल टणकन एकमेकांवर आपटायची पोरांना भारी हौस. त्याचा उपयोग शून्य, कारण वजन सरळ खाली ओढतं आणि वर हात सरळ झाले की छातीवर भार राहतच नाही. आपटल्यामुळे इथल्या दोन डंबेलांचं रबर फाटलं आहे आणि एकाचा गोळा हातात फिरतो. तो घेऊ नका, कोपऱ्यातल्या रॅकवरचा शेवटचा.

तिसरं कारण धंद्यातलं. शर्टाचं माप घेताना दिसतं की बहुतेकांचा एक खांदा उतरलेला असतो, बरेचदा उजवा. कॉलर त्या बाजूला ओढली जाते, आम्हाला कापतानाच थोडं सांभाळून घ्यावं लागतं. रॉडवर जोरकस हात दुसऱ्याचं काम उरकून टाकतो, रॉड तिरका चढतो तरी चढतो. डंबेलमध्ये डाव्या हाताला त्याचं त्यालाच करावं लागतं. माझा डावा पहिले थरथर कापायचा, आता बरा आहे.

इन्क्लाइन, म्हणजे पाठ तिरकी उचलता येणारी बेंच इथली मस्त. तीन खाचा आहेत. सगळ्यात खालची, साधारण ३० अंशाची, तीच घ्या. वरच्या खाचेत बसलात तर काम खांद्याकडे जातं आणि छातीचा वरचा भाग तसाच राहतो. फ्लॅट बेंचची गादी मात्र फाटकी, टॉवेल नेलाच पाहिजे.

ज्याला पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत उतरायचं आहे त्यानं रॉडच मारावा, स्पर्धेत बेंच प्रेस रॉडवरच होतो. ज्याला संध्याकाळी पकडायला भरवशाचा दोस्त आहे त्यानंही खुशाल मारावा. मीसुद्धा भाचा आला की मारतो. बाकी माझ्यासारखे दुपारचे एकटे लोक असतील त्यांनी इथे डंबेलच घ्यावेत. मालकाला मी दोनच वस्तू मागितल्या आहेत: साडेसतराची जोडी आणि बेंचला लावायचे आडवे दांडे. दिवाळीनंतर बघू म्हणाला.

पाचपैकी साडेतीन. सकाळी साडेपाच ते दहा, दुपारी दोन ते रात्री दहा. गाडी हार्डवेअरवाल्याच्या शटरसमोर लावू नका, तो हवा सोडतो.