गंगावेशचा दूध कट्टा: दुधासाठी जा, पण थांबायची तयारी ठेवून जा

कोल्हापुरात धारोष्ण दूध म्हटलं की गंगावेशचं नाव पहिलं निघतं. गवळी म्हशी आणून बांधतात आणि आपल्या डोळ्यांदेखत धार काढून पेला हातात देतात. दूध कोमट, दाट फेसाचं, गोडसर. साखर लागत नाही, पाणी मिसळल्याची शंका नाही. दुधाबद्दल एवढं पुरे.

माझे पाच तारे तिथल्या थांबण्याला आहेत. म्हैस गाईसारखी पटकन पान्हवत नाही. गवळ्याला कास धुवून, सडांवरून हात फिरवत बसावं लागतं. तोवर गिऱ्हाईक उभं. पेला गवळ्याचा, म्हणून दूध तिथंच प्यायचं आणि पेला परत द्यायचा. घरी न्यायला किटली आणली, तरी पान्ह्याची वाट बघावीच लागते. अशा वेळी शेजारच्या माणसाशी बोलणं आपोआप निघतं.

हे मला का महत्त्वाचं वाटतं ते सांगते. सासूबाई गेल्यापासून आमचे मामंजी बोलेनासे झाले होते. औषधं, किराणा, लाईट बिल सगळं मोबाईलवर व्हायचं, त्यामुळं घराबाहेर पडायला कारणच उरलं नव्हतं. जगात दर 6 माणसांमागे 1 जण एकटेपणानं ग्रासलेला आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालात आहे. ते वाचताना मला आमच्या सोफ्याची खिडकीकडची, मामंजींची बसायची जागा दिसली. मी त्यांना कट्ट्यावर घेऊन जायला लागले.

सुरुवातीला ते बाजूला उभे राहायचे. एकदा गवळ्यानं पेला देताना विचारलं, "आज्जा, पेठ कुठली?" मामंजी म्हणाले, "शिवाजी पेठ." पलीकडून एक आजोबा वळले, "मग फुटबॉलला शिवाजीचं असणार! आम्ही पाटाकडीलवाले, मंगळवार पेठ." शिवाजी आणि पाटाकडील हे दोन्ही कोल्हापूरचे फुटबॉल संघ. झालं! शाहू स्टेडियमवरच्या जुन्या मॅचा निघाल्या, कुणी कुणाला कसा गोल घातला ते निघालं, आवाज चढले. मामंजींचा तो आवाज मी कितीतरी दिवसांनी ऐकला. आता आम्ही गेलो नाही, की मंगळवार पेठेतून फोन येतो, "काय ओ, तब्येत बरी हाय न्हवं?" बाहेरून खबर घेणारं माणूस मिळणं ही मला या वयात औषधाइतकीच गरजेची गोष्ट वाटते.

जाण्याआधी काही गोष्टी लक्षात घ्या. धारोष्ण दूध कच्चं असतं आणि कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार होऊ शकतात. म्हातारी माणसं, लहान मुलं, गरोदर बायका यांनी उकळूनच प्यावं. डॉक्टरांनी बजावल्यापासून आम्ही किटली नेतो आणि घरी दूध चांगलं उकळून घेतो. गप्पा होतातच.

मी जाते तेव्हा बायका फार कमी दिसतात. मला तिथं कुणी कधी अवघडल्यासारखं वागवलं नाही, उलट "वहिनी, इकडं सावलीत या" म्हणतात. तरी सासूबाई असताना त्यांना तिथं न्यायचं कधी मनातही आलं नाही, कारण ती पुरुषांची जागा असं धरूनच चाललो होतो. घरात एकटी बसणारी आई, आत्या, सासू असेल तर तिलाही घेऊन या. संध्याकाळी या, आणि गुडघे दुखत असतील तर घडीचं स्टूल सोबत ठेवा.