इतिहास घेणाऱ्या बारावीच्या मुलांना आधी काय द्यावं: दोन इतिहासकार की एक जुना कागद?

बारावीच्या वर्गात बी.ए.ला इतिहास घेणार म्हणणारी चार-सहा मुलं दरवर्षी निघतात. 'कारणे व परिणाम' त्यांना तोंडपाठ असतात. पुढे विद्यापीठात जो इतिहास असतो त्याची ओळख सुट्टीच्या दीड-दोन महिन्यांत करून द्यायची, तर सुरुवात कशाने करावी? एक वाट म्हणजे एकाच विषयावर एकमेकांशी न पटणारे दोन इतिहासकार वाचायचे. दुसरी, सरळ एक जुना कागद मुलांपुढे ठेवायचा. मी दोन्ही करून पाहिल्या आहेत.

पहिली वाट शिक्षकाला सोपी पडते, आणि विद्यापीठात जे चालतं त्याच्या ती जास्त जवळची आहे, हे मान्यच करायला हवं. साहित्यही घरचंच आहे. ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास लिहिला, त्यात मराठ्यांचा उदय त्याला सह्याद्रीत पेटणाऱ्या वणव्यासारखा वाटला. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० मध्ये हे खोडून काढलं. त्यांनी त्यामागे संतांच्या काळापासूनची जागृती पाहिली. जोतीराव फुल्यांच्या १८६९च्या पोवाड्यातले शिवाजी महाराज तर कुळवाडीभूषण. एकाच राजाकडे तीन ठिकाणांहून पाहिलेलं. नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६८ मध्ये ग्रँट डफवर टीका छापली तेव्हा ते विशीतच होते, हे सांगितलं की मुलं सावरून बसतात.

माझं अडलं ते एका साध्या प्रश्नावर. रानडे आणि फुले समोरासमोर ठेवले, दहा मिनिटं वाचन झालं आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, म्हणजे हे कोणत्या समाजाचे?" उत्तर वर्गानेच दिलं आणि तिथे चर्चा संपली. मग कोणी काय पुरावा दिलाय ते बघायला कोणीच तयार होईना. ज्याने त्याने आपापलं आडनाव पाहून बाजू धरली. लेखक कुठून बोलतोय हे विचारणं चुकीचं नाही, विद्यापीठातही ते विचारतातच. पण तिथे तो पहिला प्रश्न असतो, इथे तो शेवटचा झाला. निबंध आले त्यात पुराव्याबद्दल एकही वाक्य नव्हतं. पुढच्या वर्षी लेखकांची नावं झाकून उतारे दिले, तर सगळा तास नावं ओळखण्यात गेला. मुलांना दोष देत नाही. घरी आणि मोबाइलवर त्यांनी इतिहास याच चालीने ऐकलेला असतो. पण मला हे फार लागलं.

म्हणून कागदाकडे वळलो. पाटिलकीच्या तंट्यातला एक महजर, म्हणजे गावसभेने साक्षीदारांसमोर दिलेला निवाडा, मोडीची झेरॉक्स आणि शेजारी बाळबोध लिप्यंतर. खाली साक्षीदार. ज्यांना सही येत नव्हती त्यांनी निशाण्या केलेल्या: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा. जात इथेही आहेच, उलट अख्खं गाव आपापल्या कामासकट एका कागदावर उभं आहे. पण मुलं बाजू घेत बसली नाहीत. एका मुलीने विचारलं, "सर, यांना लिहिता येत नव्हतं, मग आपण कशाखाली नांगर काढतोय हे त्यांना कोणी वाचून दाखवलं?" तो सगळा तास त्या एका प्रश्नात गेला.

कालगणनेतही गोडी आहे. फळ्यावर 'इहिदे सितैन मया व अलफ' लिहितो. एक, साठ, शंभर, हजार. जुन्या मराठी कागदांत वर्ष असं अरबी शब्दांत लिहीत, त्या कालगणनेला शुहूर सन म्हणतात. हा शुहूर सन ११६१. हे वर्ष मृगाला बदलतं, म्हणून महिना पाहून ५९९ किंवा ६०० मिळवायचे. १७६०-६१ आलं की कोणीतरी "पानिपत!" म्हणून ओरडतंच.

कागदाच्या वाटेत अडचणी नाहीत असं नाही. मोडी शिकवण्याच्या भरात दोन महिने अक्षरं गिरवण्यातच जातात आणि प्रश्नापर्यंत कोणी पोचत नाही, असं होऊ शकतं. माझ्या मते लिपीला आठ दिवस पुरेत, ओळख व्हावी एवढंच. पुणे पुराभिलेखागारात किंवा मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या अभिलेखागारात मुलांना न्यायचं तर आधी पत्र द्या, विचारून घ्या. जमलं नाही तरी अडत नाही. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे, म्हणजे जुन्या कागदांचे, खंड छापायला घेतले, इतिहासकार गो. स. सरदेसायांनी पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. ते मिळाले तर नंदुरबारच्या वर्गातही हे करता येईल.

तुमच्या वर्गात आडनावांचा प्रश्न उठत नसेल, किंवा मुलांचं वाचन आधीच दांडगं असेल, तर पहिली वाट कदाचित लवकर पोचवेल. मी मात्र आता आधी कागद देतो आणि इतिहासकार शेवटच्या पंधरवड्यात. गेल्या वर्षी त्या क्रमाने ग्रँट डफवर आलो. तो साताऱ्याला कंपनीचा अधिकारी होता, तिथले कागद त्याने वापरले, इथवर सांगून झालं होतं. तेवढ्यात एका मुलाने विचारलं, "सर, त्याला मोडी येत होतं, की कोणी वाचून दाखवायचं?"