धर्माची मोजणी की ओळखीची?

युनायटेड किंग्डमचा भाग असलेल्या उत्तर आयर्लंडमधील लोकसंख्येचा बदल दोन मोजपट्ट्यांनी पाहता येतो. पहिली धर्माची: 2011 च्या जनगणनेत प्रोटेस्टंट किंवा तशा घरात वाढलेले 48.4 टक्के, तर कॅथलिक 45.1 टक्के होते. 2021 मध्ये हे प्रमाण अनुक्रमे 43.5 आणि 45.7 झाले, म्हणजे ज्या प्रोटेस्टंट बहुमताच्या हिशोबाने 1921 मध्ये उर्वरित आयर्लंडपासून वेगळी करणारी सीमा आखली गेली, तेच बहुमत ओसरले.

दुसरी मोजपट्टी राष्ट्रीयत्वाची. 2021 मध्ये स्वतःला केवळ आयरिश म्हणवणारे 29.1 टक्केच होते, केवळ ब्रिटिश 31.9 टक्के, आणि 19.8 टक्क्यांनी फक्त ‘उत्तर आयरिश’ असे लिहिले.

सोलापूरकराला यात नवल वाटू नये. शहराच्या पूर्व भागातील पद्मशाली (तेलुगू विणकर समाजाच्या) घरात आजी तेलुगूत हाक मारते, नातू मराठीत ओ देतो, आणि मातृभाषेच्या रकान्यात मात्र एकच नोंद मावते. म्हणून मधली ओळखही नोंदवू देणारी दुसरी मोजपट्टी मला अधिक भरवशाची वाटते. अर्थात 1998 च्या ‘गुड फ्रायडे’ शांतता करारानुसार सीमेचा निकाल जनगणनेवर नव्हे, सार्वमतावर लागायचा आहे, आणि तिथे ‘उत्तर आयरिश’ म्हणवणाऱ्यांनाही युनायटेड किंग्डममध्ये राहणे किंवा आयर्लंडशी एक होणे, या दोहोंपैकी एक निवडावे लागेल.